तू नव्हतीस तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना टॉर्च आहे. पण टॉर्च म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर जो हातभर लांब, दणकट, अंधारात कुत्र्यांना पळवून लावणारा गडी येतो, तो मी नव्हे. मी पेनाएवढा आहे. खिशाला अडकवायला मला क्लिप आहे आणि डोक्यावर खटका आहे. या रूपापायी मी आयुष्यभर ताप सोसला. एका डॉक्टरसाहेबांनी तर माझे टोक कागदावर टेकवून सही करायला घेतली, आणि सही उमटेना म्हणून मलाच दोनदा झटकले. असो. मोठ्या माणसांच्या चुका आपण पोटात घालाव्यात.

माझ्या अंगावर एका बाजूला काळे गोल छापलेले आहेत. पहिला मोहरीएवढा, मग थोडा मोठा, असे करत शेवटचा वाटाण्याएवढा. ती नक्षी नाही. माणसाच्या डोळ्यात मधोमध काळी बाहुली असते ना, ती किती मोठी झाली आहे हे त्या गोलांवरून मोजतात. डोळ्यावर उजेड टाकला की बाहुली चटकन लहान होते. तुम्ही आरशात बघा, तुमचीही होईल. माणूस बेशुद्ध असला, बोलत नसला, तरी त्याची बाहुली उजेडाला उत्तर देते. उत्तर आले की समजायचे, आत कोणीतरी आहे. आयुष्यभर मी हाच एक प्रश्न विचारत आलो.

माझा जन्म कारखान्यात झाला. त्यात सांगण्यासारखे काही नाही. एका खोक्यात आम्ही बारा भाऊ होतो आणि बाराही सारखेच. तिथून मी औषधांच्या एका दुकानात काचेच्या कपाटात येऊन पडलो. तिथे मला एका म्हाताऱ्या वायरमनने विकत घेतले. त्याने मला असेच घेतले नाही बरे का! आधी माझे झाकण उघडले, आतली स्प्रिंग नखाने दाबून पाहिली, दोन्ही सेल बाहेर काढून त्यांची टोके सदऱ्याला पुसली, परत बसवले आणि खटका वीस वेळा दाबला. दुकानदार म्हणाला, "काका, टॉर्च घेताय की सून बघताय?"

"लेकीसाठी घेतोय," वायरमन म्हणाला. "नर्स झाली आहे. अतिदक्षता विभागात लागली. तिथे ऐन वेळी विझून चालायचं नाही."

एवढे बोलायला त्याला मध्ये दोनदा थांबून श्वास घ्यावा लागला. त्याचे हृदय थकले होते. डॉक्टरांनी सांगितले होते की फार तर दीड वर्ष. आता औषधे घ्यायची आणि जपायचे, याहून वेगळे काही करण्यासारखे उरलेले नाही. म्हणूनच लेकीने नोकरी घेतली ती अर्धी. सोमवार, मंगळवार आणि बुधवार ती कामावर जाई. गुरुवार ते रविवार ती घरी वडिलांजवळ राही. ती कामावर असे तेव्हा शेजारची मावशी वायरमनजवळ येऊन बसे. मावशी एका शाळेत शिपाई होती. तीस वर्षे तिने घंटा दिली होती, त्यामुळे निवृत्त झाल्यावरही तिचे अर्धे लक्ष घड्याळाकडेच असे.

अतिदक्षता विभाग म्हणजे जिथे फार आजारी माणसांना ठेवतात ती जागा. आमच्याकडे आठ खाटा होत्या. प्रत्येक खाटेभोवती पडदा, उशाशी नळ्या, पंप आणि सतत टिकटिक करणारी यंत्रे. तिथे सगळ्यांवर नजर ठेवणाऱ्या मोठ्या सिस्टर होत्या. त्यांचा आवाज कधी चढत नसे, पण त्या चष्म्यावरून बघू लागल्या की भल्याभल्यांचे हात सरळ होत. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या सिस्टरला, म्हणजे वायरमनच्या लेकीला, तसेच पाहिले.

"अर्धी नोकरी आणि तीही इथे?" त्या म्हणाल्या. "बाहेरच्या वॉर्डात जमून जातं. इथे चार दिवसांत सगळं बदलतं. पूर्ण वेळच्या मुली सहा महिने माझ्या हाताखाली शिकतात, मग त्यांना मी एकटीच्या जबाबदारीवर खाट देते. तुला वर्ष लागेल. चालेल?"

"चालेल," माझी सिस्टर म्हणाली. म्हणताना तिने खिशावरून मला घट्ट दाबून धरले. मी तिच्या छातीशीच खिशात होतो, म्हणून मला ठाऊक आहे.

लवकरच तिचे नाव 'अर्धी' पडले. कोणी ते दुष्टपणाने म्हणत नसे. "अर्धी आली का? अर्धीला ते पंपाचं दाखव," असे चाले. खिशात माझ्या एका बाजूला कात्री होती, दुसऱ्या बाजूला चिकटपट्टीचे रीळ आणि एक गळके पेन. कात्री फार तिखट. ती म्हणायची, अर्धीचा टॉर्च म्हणजे पाव टॉर्च. मी तिच्या नादी लागत नसे.

काम मात्र पुरे असे. दर तासाला सिस्टर हात धुऊन मला काढायची, स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची, रुग्णाच्या कपाळावर हात ठेवून आधी सांगायची, "डोळ्यावर उजेड टाकते हं, घाबरू नका." समोरचा बेशुद्ध असला तरीही सांगायची. सुरुवातीला मला हसू यायचे. ऐकतोय कोण? पण पुढे मलाही त्याची सवय झाली, आणि ती कधी घाईत सांगायची विसरली तर मला चोरून कोणाच्या खिडकीत डोकावल्यासारखे वाटे.

बुधवारी आम्ही घरी गेलो की वायरमन हात पुढे करी. "आण त्याला." मग तो पलंगावर बसून माझे झाकण उघडी, दोन्ही सेल काढी आणि एका छोट्या डबीत ठेवी. "वापरायची नसेल ती वस्तू सेल काढून ठेवावी. नाहीतर ते आतल्या आत फुटतात आणि वस्तू खाऊन टाकतात. सुट्टी म्हणजे सुट्टी. त्यालाही." सोमवारी पहाटे ते सेल परत बसवायचेही तोच. पुढे पुढे त्याचे हात इतके थरथरू लागले की दोन सेल बसवायला दहा मिनिटे लागत. सिस्टर खांद्याला पिशवी लावून दारात उभी असायची. उशीर होत असायचा. तरी तिने कधी "द्या, मी बसवते" म्हटले नाही.

मित्रांनो, सेल काढल्यावर माझा उजेड जातो, कान जात नाहीत. त्या चार दिवसांत मी खिडकीच्या फळीवर पडून दोघांचे बोलणे ऐके. एका दुपारी वायरमन म्हणाला, "तुझी आई गेली तेव्हा मी खांबावर होतो."

"माहीत आहे, बाबा."

"खाली उतरलो तर निरोप आलेला. पळत गेलो. तिथल्या बाईला विचारलं, शेवटी काय झालं? ती म्हणाली, 'गेल्या.' बस, एवढंच. तिचीही चूक नाही, तिच्यामागे कामं असतील. पण वीस वर्षं झाली, मी एकच विचारतोय. तिने पाणी मागितलं का? मागितलं असेल तर कोणी दिलं का?"

सिस्टरने त्याचे पांघरूण सारखे केले. मग म्हणाली, "तुमच्या वेळी मी असेन. त्यासाठीच तर अर्धी नोकरी घेतली."

"असशीलच. मी वर सांगून ठेवलंय," वायरमन म्हणाला. "न्यायला यायचं तर गुरुवार ते रविवार. सोमवार, मंगळवार, बुधवार आमच्याकडे माणूस नसतं."

दोघेही हसले. हसता हसता त्याला खोकला आला आणि तिने त्याची पाठ चोळली.

आता मी तुम्हाला चार नंबरच्या खाटेवरच्या शिंपीकाकांची गोष्ट सांगतो, कारण पुढचे सगळे तिथून सुरू झाले. काकांच्या घशात नळी होती, त्यामुळे त्यांना बोलता येत नसे. पण डोळे भारी तेज! मी उजेड टाकला की बाहुल्या चटकन लहान होत. सिस्टरच्या गणवेशाचे वरून दुसरे बटण सैल झाले होते आणि दोऱ्यावर लोंबत होते. काका रोज त्या बटणाकडे बोट दाखवत आणि कपाळाला आठ्या घालत. मग चिमटीत सुई धरल्यासारखे करून हवेत टाके घालून दाखवत. आयुष्यभर कपडे शिवलेल्या माणसाला ते लोंबते बटण बघवत नव्हते.

"हो काका, हो!" बुधवारी निघताना सिस्टर म्हणाली. "सोमवारी येते ती बटण शिवूनच येते. तुम्ही तपासा."

रविवारी तिने ते बटण इतके घट्ट शिवले की वायरमन म्हणाला, आता गणवेश फाटेल पण बटण निघायचे नाही. सोमवारी ती विभागात शिरली, हात धुतले आणि कोणाशी न बोलता थेट चार नंबरच्या खाटेशी गेली. पडदा सारून, वाकून म्हणाली, "बघा काका, शिवलं!"

खाटेवर दुसराच माणूस होता. तरुण, डोक्याला पट्टी बांधलेला. शेजारी त्याची बायको बसली होती. तिने दचकून विचारले, "काय शिवलं? यांना टाके घातले का पुन्हा? काय झालं?"

बिचारीचा चेहरा पांढराफटक पडला होता. तेवढ्यात मोठ्या सिस्टर आल्या, त्यांनी त्या बाईला शांत केले आणि माझ्या सिस्टरला बाजूला नेले. "खाटेजवळ जायच्या आधी फळ्यावरचं नाव बघायचं. हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं की नाही?"

"शिंपीकाका?" तिने विचारले.

मोठ्या सिस्टरनी चष्मा काढला. "शुक्रवारी गेले. तुला कोणी सांगितलं नाही?"

कोणीच सांगितले नव्हते. प्रत्येकीला वाटले होते, दुसरीने सांगितले असेल. आणि ती घरी वडिलांपाशी असताना तिला मुद्दाम फोन करून हे कशाला सांगायचे, असेही वाटले असेल. त्या दिवशी सिस्टरने सगळे काम केले, पण दुपारी कपाटापाशी जाऊन ती ते बटण मुठीत धरून रडली. "मी कधी शेवटाला नसतेच," असे ती मला म्हणाली, की कात्रीला, की स्वतःलाच, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या कपाटाच्या फटीत एक कागद खोचलेला होता. हृदयाचा आलेख काढतात त्या गुलाबी रेघांच्या पट्टीचा तुकडा, मागची बाजू कोरी. त्यावर मोठ्या सिस्टरचे सुबक अक्षर होते.

'तू नव्हतीस तेव्हा. शिंपीकाका शुक्रवारी दुपारी सव्वातीनला गेले. मुलगा जवळ होता. त्रास झाला नाही. सकाळी डोळे उघडे होते. माझ्या बटणांकडे एकेक करून बघितलं. सगळी जागेवर होती. पसंत पडली असावीत.'

सिस्टरने तो कागद चार वेळा वाचला. वाचता वाचता ती हसली आणि मग पुन्हा रडली, पण कालच्यासारखी नाही.

तेव्हापासून दर सोमवारी तिच्या कपाटात चिठ्ठी असे. मागच्या बुधवारी तिने ज्यांना सोडले, त्यांचे काय झाले हे त्यात लिहिलेले असे. कोणी बरे होऊन बाहेरच्या वॉर्डात गेले, त्याने जाताना काय म्हटले. कोण गेले, किती वाजता, जवळ कोण होते. प्रत्येक चिठ्ठीची सुरुवात एकच. आधी काही जणी हसल्या. "अर्धीला घरपोच बातम्या!" पण थोड्याच दिवसांत लग्नाला, गावाला, आजारपणाला रजा घेऊन आलेल्या सिस्टरही आल्याबरोबर विचारू लागल्या, "माझी चिठ्ठी?" आणि मग सगळ्याच सगळ्यांसाठी लिहू लागल्या.

घरी वायरमनलाही त्या चिठ्ठ्यांचे वेड लागले. बुधवारी आधी माझे सेल काढायचे आणि मग चिठ्ठी ऐकायची, असा त्याचा क्रम ठरला. नावे गाळून सिस्टर ती वाचून दाखवी. मावशीही भाजी निवडायचे सोडून ऐकत बसे. एकदा वायरमन म्हणाला, "तुझ्या त्या मोठ्या सिस्टर वीस वर्षांपूर्वी तिथे असायला हव्या होत्या गं." आणि त्याने तोंड खिडकीकडे वळवले.

वर्ष सरले. एका सोमवारी मोठ्या सिस्टरनी फळ्यावर सहा नंबरच्या खाटेपुढे माझ्या सिस्टरचे एकटीचे नाव लिहिले. मित्रांनो, त्या दिवशी माझी छाती फुगली असती, मला छाती असती तर. कात्रीसुद्धा चूप होती.

सहा नंबरला बस चालवणाऱ्या एक बाई होत्या. मंगळवारी सकाळी त्यांचे दुखणे फार वाढले. डॉक्टरांनी बघितले, औषधे वाढवली आणि मग मान हलवली. बाईंची मुलगी दूरच्या गावाहून निघाली होती, पण पोचायला दुपार होणार होती. मोठ्या सिस्टर हळूच म्हणाल्या, "बाकीचं मी बघते. तू खुर्ची ओढ आणि त्यांच्यापाशी बस. हात धर."

साडेदहापासून माझी सिस्टर बसून राहिली. ती बाईंशी बोलत होती. रस्त्याला आज गर्दी नाही म्हणाली, मुलगी येतेच आहे म्हणाली. मध्ये दोनदा मला काढून तिने त्यांच्या डोळ्यांत पाहिले. पहिल्यांदा बाहुलीने थोडेसे उत्तर दिले. दुसऱ्यांदा दिले नाही. बाई बारा वाजून दहा मिनिटांनी गेल्या. अर्ध्या तासाने मुलगी आली. सिस्टरने तिला 'गेल्या' एवढेच सांगितले नाही. तिला जवळ बसवून सगळे सांगितले, अगदी पहिल्यापासून. मुलगी पुन्हा पुन्हा तेच विचारत होती आणि सिस्टर पुन्हा पुन्हा सांगत होती.

दोन वाजता पाळी संपली आणि आम्ही घरी निघालो. सिस्टर दमली होती, पण पायात चाल होती. वडिलांना सांगण्यासारखे तिच्याजवळ खूप काही होते. आमच्या दारापाशी शेजारच्या घरांतली माणसे उभी होती. दार सताड उघडे होते. तिला बघून सगळे बाजूला झाले, आणि त्या बाजूला होण्यावरूनच तिला कळले.

वायरमन सकाळीच गेला होता. मंगळवारी.

ती आत गेली आणि पलंगाशी खाली बसली. किती वेळ ती एकच वाक्य म्हणत होती. "मी नव्हते. मी नव्हते." मी खिशात होतो आणि तिच्या हुंदक्याबरोबर पलंगाच्या कडेवर आपटत होतो. वर्षभर तिने ज्याच्यासाठी अर्धी नोकरी केली, सगळ्यांचे 'अर्धी' ऐकून घेतले, ते एकच तिच्या हातून सुटले होते. मला फार वाईट वाटले. आजही वाटते.

मग तिने मावशीला धारेवर धरले. फोन का नाही केला? काय झाले, कसे झाले, काय म्हणाले? मावशी बोलू लागे आणि रडू लागे. तिला धड सांगता येईना. दोन-तीन दिवस असेच गेले. सिस्टर नीट जेवेना, कोणाशी बोलेना. मावशीकडे ती बघतही नव्हती.

चौथ्या दिवशी मावशी आली ती दारातच उभी राहिली. तिच्या हातात शाळेच्या वहीचे एक पान होते. "वाच," ती म्हणाली. "मला तोंडाने जमत नाही. त्यांनीच सांगितलं होतं लिहायला. म्हणाले, तिला चिठ्ठी लिही, वेळेसकट." पान फळीवर माझ्याशेजारी ठेवून ती निघून गेली. सिस्टरने ते उचलले आणि हळू आवाजात वाचले. म्हणून मला ते पाठ आहे.

'तू नव्हतीस तेव्हा.
सहा चाळीस. तू गेलीस. बाबा खिडकीतून कोपऱ्यापर्यंत बघत होते.
आठ. अर्धा कप दूध घेतलं. पुरे म्हणाले.
दहा वाजून दहा. श्वास जड झाला. मी फोन घेतला. त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, नको. ती कुणापाशी तरी बसली असेल. तिला तिथून उठवू नकोस. मी म्हटलं, ती मला माफ करणार नाही. म्हणाले, करेल.
दहा पन्नास. तुझ्या आईचं नाव घेतलं. खांबावर चढल्याचं काहीतरी बोलले. मला सगळं कळलं नाही. जेवढं कळलं तेवढं लिहिलं.
अकरा पाच. पाणी मागितलं. मी दोन चमचे दिलं. प्यायले. मग म्हणाले, लिही हं, पाणी मागितलं आणि मिळालं.
अकरा वीस. गेले. माझ्या हातात हात होता. त्रास झाला नाही.
मी फोन केला नाही. त्यासाठी मला जे बोलायचं ते बोल.'

सिस्टर उठली आणि तशीच अनवाणी मावशीच्या घरी गेली. तिथे काय बोलणे झाले ते मला माहीत नाही, मी फळीवर होतो. पण संध्याकाळी दोघी परत आल्या, आणि मावशीने तिला समोर बसून जेवायला लावले.

त्या आठवड्यात माझे सेल कोणी काढले नाहीत. सिस्टरने एकदा झाकण फिरवायला घेतले आणि ती थांबली. ते सेल सोमवारी पहाटे वायरमनने बसवले होते, थरथरत्या हातांनी, दहा मिनिटे लावून. त्याने केलेले ते शेवटचे काम. ते तिला काढवेना. तिने मला मऊ फडक्यात गुंडाळले, मावशीची चिठ्ठी घडी करून माझ्या अंगाखाली ठेवली आणि आम्हा दोघांना पत्र्याच्या डब्यात बंद केले.

यात तिचा दोष नाही, मित्रांनो. तिने ते प्रेमापोटी केले. पण वायरमनचे खरे ठरले. डब्यात महिने गेले, वर्षे गेली. घरी आता कोणी वाट बघणारे नव्हते, म्हणून सिस्टरने पूर्ण वेळ नोकरी घेतली असावी. सकाळी दार लागल्याचा आवाज मला रोजच येऊ लागला. इकडे माझ्या पोटात सेल सुजले, फुटले आणि त्यांतले आंबट पाणी झिरपू लागले. स्प्रिंगवर पांढरी बुरशी चढावी तसा थर चढला. मला फार दुखले, पण त्याहून भीती वाटत होती ती माझ्याखालच्या चिठ्ठीची. ते पाणी फडक्यातून उतरत उतरत कागदाच्या कोपऱ्याला लागत होते आणि मला अंग आवरून घेता येत नव्हते.

किती वर्षांनी कोण जाणे, एका रविवारी डबा उघडला. सिस्टरच्या केसांत पांढरे आले होते आणि नाकावर चष्मा होता. मला बघून ती म्हणाली, "अरे देवा, बाबा ओरडले असते." तिने मला टेबलाच्या कडेवर आपटून सेल मोकळे केले, लिंबू पिळून काडीने स्प्रिंग घासली, नवे सेल घातले, खटका दाबला. वायरमनची लेक ती, सहजी हार मानणारी नव्हती. वीस वेळा दाबला. मी खूप प्रयत्न केला. उजेड आला नाही.

चिठ्ठी तिने जपून उलगडली. डाग सहा चाळीस आणि आठ एवढ्याच ओळींवर पडला होता. अकरा पाच स्वच्छ होते. मला किती हायसे वाटले म्हणून सांगू!

तिने मला फेकले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा तिच्या खिशात होतो. आता तीच मोठी सिस्टर झाली आहे. जुन्या मोठ्या सिस्टर कधीच निवृत्त झाल्या. आमच्या विभागात एक नवी मुलगी आली आहे, तीन दिवसांची नोकरी करणारी. तिच्या घरी कोण आजारी आहे की कोण लहान आहे, मला ठाऊक नाही. तिच्या खिशात नवाकोरा टॉर्च आहे, फार पांढरा उजेड पाडतो आणि त्याची त्याला घमेंड आहे. माझ्याकडे आता फक्त अंगावरचे काळे गोल उरले आहेत. ती मुलगी बाहुल्या मोजायला शिकते तेव्हा सिस्टर मला काढून ते गोल तिला दाखवते. तेवढे काम मी अजून करतो.

आणि दर रविवारी सिस्टर पाळी संपल्यावर पाच मिनिटे थांबते. गुलाबी रेघांच्या पट्टीचा एक तुकडा उलटा करते आणि तो उडू नये म्हणून माझ्या वजनाखाली दाबते. वरच्या ओळीत ती काय लिहिते, ते तुम्हाला आता ठाऊक आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात न वापरलेली खेळणी, घड्याळे, टॉर्च पडले असतील. आजच त्यांचे सेल काढून ठेवा. कोणी बसवले होते याचा विचार करत बसू नका. हे वायरमनचे सांगणे आहे, मी फक्त निरोप पोचवला. माझे स्वतःचे मागणे एवढेच आहे. तुमच्यातले काही जण मोठे होऊन कुणाच्या तरी उशाशी बसतील. तेव्हा जो तिथे पोचू शकला नाही, त्याला 'गेले' एवढेच सांगून पाठवू नका. त्याला बसवा आणि पहिल्यापासून सांगा. पाणी मागितले का, तेही सांगा.